भुंगा उभाच होता

एकदा एक वैद्य होते, डोंगराच्या पार डोक्यावर राहणारे, आणि त्यांच्याकडे झाडपाला शिकायला आलेली एक मुलगी होती. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. आता ही पोरगी आली होती औषधं शिकायला, पण खरं सांगू का, तिचा जीव जडला तो तात्यांच्या तट्टावर! काळं कुळकुळीत, बुटकं, पोट सुटलेलं. नाव भुंगा.

हा भुंगा हिरड्याची पोती पाठीवर घेऊन घाट उतरायचा, आणि त्याला ना दोरी लागायची ना चाबूक. ती पुढे, तो मागे, गळ्यातली घुंगरं छुमछुम. 'थांब' म्हटलं की थांबणार, 'चल' म्हटलं की चालणार. आणि चालता चालता आपण नुसतं मागे वळून पाहिलं, तरी पठ्ठ्या जागच्या जागी उभा! तात्यांनी शिकवलंच होतं तसं. अरुंद घाटात पुढचा वळून बघतो म्हणजे काहीतरी धोका आहे.

एकदा झऱ्याजवळ ती त्याला 'थांब' म्हणाली, पाला तोडायला रानात शिरली आणि दुसऱ्याच वाटेने घरी आली. चक्क विसरली! दिवस मावळायला आला तेव्हा आठवलं. धापा टाकत गेली तर हा तिथेच, एक कान तिच्या वाटेकडे लावून. झरा हातभर अंतरावर होता, तरी तोंड कोरडं. ही गोष्ट ती येईल त्याला कौतुकाने सांगायची. ऐकणारे वाहवा करायचे. तात्या तेवढे हसायचे नाहीत.

पुढे भुंगा म्हातारा झाला आणि त्याला सारखी धाप लागू लागली. तिने काढे पाजले, धुरी दिली, रात्रंदिवस शेक दिला. तरी एका सकाळी त्याने पुढचे पाय दुमडले. तिने धावत जाऊन त्याची मान मिठीत धरली.

"थांब रे राजा! थांब. माझ्यासाठी थांब."

भुंग्याने पाय सरळ केले आणि उभा राहिला.

"तात्या, बघा! औषध लागू पडलं!"

तात्यांनी भुंग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि खल धुवायला घेतला.

त्या दिवसापासून भुंगा उभाच होता.

म्हणजे बसायचाच नाही. खायचा नाही. पाणी पुढे केलं तर ओठ भिजायचे, घोट काही आत जायचा नाही. ती त्याच्या नाकाशी आरसा धरायची, तर आरसा स्वच्छच्या स्वच्छ. अंगाला हात लावला तर सावलीतल्या दगडासारखं गार. माश्यासुद्धा त्याच्यावर बसेनाशा झाल्या. तबेल्याच्या आढ्यावर कावळे येऊन बसायचे, पण ओरडायचे नाहीत, नुसते वाकून आत बघायचे. आणि कान! सगळं शरीर लाकडासारखं, पण ती अंगणात जिकडे जाईल तिकडे तो एक कान वळायचा.

मग हिरड्याचा व्यापारी आला. तबेल्यात डोकावून हसला.

"काय गं पोरी, पेंढा भरून ठेवलंयस की काय याला?"

"जिवंत आहे तो!"

"हो का?" व्यापारी जवळ गेला, भुंग्याच्या डोळ्यांत वाकून बघितलं आणि झटकन मागे सरला. त्याचं हसू पार उतरलं होतं. "तात्या, चहा राहू द्या. हे माझ्याकडे बघतंय खरं, पण त्याला मी दिसत नाहीये हो."

हिरडे न घेताच तो घाट उतरला. तिचा बांध तेव्हा फुटला.

"तात्या, तुमच्याकडे अजून काहीतरी असेलच. एखादं मूळ, एखादी साल. मला शिकवायचं राहिलेलं!"

"आहे ना," तात्या म्हणाले. उठले, खुंटीवरचं खोगीर काढलं आणि भुंग्याच्या पाठीवर ठेवलं. मग गळ्यात घुंगरं बांधली.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? मरायला टेकलेल्या जनावरावर खोगीर?"

"टेकू दिलंयस कुठे तू त्याला?" तात्या पट्टा आवळत म्हणाले. "बाळ, त्या झऱ्यापाशी तो तहानेला उभा राहिला, कारण तू थांब म्हणाली होतीस. तुला ते प्रेम वाटलं. असेलही. पण थांब म्हणून तू निघून गेलीस, हेही खरंच ना? आता परत तेच केलंयस. औषधाने नाही उभा तो, तुझ्या शब्दाने उभा आहे. मी काल सांगून पाहिलं त्याला. माझं नाही ऐकत."

तिने भुंग्याच्या आयाळीत बोटं रोवली. मग म्हणाली, "जा म्हणवत नाही हो मला."

"जा कोण म्हणतंय? रोज म्हणायचीस तेच म्हण. पुढे हो, वेशीपर्यंत पोचव. आणि मागे बघू नकोस."

तिन्हीसांजा होत होत्या. तिने भुंग्याच्या कपाळाला कपाळ लावलं, डोळे पुसले आणि वळली.

"चल, भुंग्या."

मागे छुम झालं. मग दगडांवर टापा. तिच्या मानेवर ऊन ऊन श्वास आला, जो इतके दिवस आरशावरसुद्धा उमटला नव्हता. वळणावर तिची मान फिरायला लागली, तोच घुंगरं थबकली. तिने दात आवळले, नजर समोर धरली. घुंगरं पुन्हा चालू लागली.

वेशीच्या दगडाशी ती थांबली. घुंगरं नाही थांबली. तिच्या उजव्या खांद्याला घासून पुढे गेली आणि घाटाने खाली, खाली उतरत गेली. वाटेवर कुणीच नव्हतं.

ती परत आली. भुंगा तबेल्यातच होता, पाय दुमडून, नाक जमिनीला टेकवून, पाठीवर खोगीर, गळ्यात घुंगरं. त्याच्या अंगावर माश्या बसू लागल्या होत्या, आणि तात्या त्या हाताने वारत होते.

"कधी?"

"तू चल म्हणालीस तेव्हाच."

"पण तात्या, घुंगरं..."

"ऐकली," तात्या म्हणाले. "मीही."

पुढे ती स्वतः मोठी नावाजलेली वैद्य झाली. जिथे औषध संपतं, अशा घरीही ती जाते, खाटेशी बसते, नाडी बघते. आणि मग रोग्याला नाही, त्याचा हात घट्ट धरून बसलेल्या माणसाला हळूच विचारते, "थांब म्हणून झालं ना तुमचं?"

आणि उंबरा ओलांडताना ती मागे वळून बघत नाही.