घुमट आणि बांध

फार वर्षांपूर्वी पाटाच्या कडेला मुंग्यांचं एक मोठं शहर वसलं होतं. त्या वर्षी साठवलेल्या मातीत एकच बांधकाम होणार होतं. सभापती डोंगळ्याला शिखरावर घुमट हवा होता. तळाच्या गल्लीतली म्हातारी भागी मुंगी म्हणत होती, आधी पाटाच्या बाजूला बांध घाला.

"घुमट दूरवरून दिसेल, भागीमावशी! शहराचं नाव होईल," डोंगळा म्हणाला. "बांध कोणाला दिसतो?"

"या आठवड्यात गल्लीत पाणी शिरलं म्हणून आम्ही तीनदा अंडी उचलून पळालो, ते तरी कुठं दिसलं तुम्हाला?" भागी फणकारली.

शहराची एक जुनी रीत होती. हरकत घेणाऱ्याने सांगितलेल्या जागी पुढची सभा भरायची आणि निर्णय झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. भागीने आपलीच गल्ली सांगितली.

दुसऱ्या दिवशी सगळे पुढारी तिथं बसले. डोंगळा घुमटाच्या नक्षीवर बोलत राहिला आणि पाटाचं पाणी भिंतीतून झिरपत राहिलं. त्याचे सहाही गुडघे भिजले. तेवढ्यात शेजारून एक अंडं तरंगत निघालं, तसा तो भाषण सोडून त्यामागे धावला.

"बांधच घाला!" अंडं डोक्यावर धरून तो ओरडला. होकार द्यायला सगळ्या मिशा एकदम वर झाल्या.

बांध घालून झाला आणि पुढच्या वेळी पाट काठोकाठ भरून वाहिला. अख्खं शहर तळाच्या गल्लीत जमलं. जमीन खडखडीत कोरडी! मुंग्यांनी भागीला खांद्यावर घेतलं आणि जल्लोष थेट शिखरापर्यंत पोचला.

"आता तरी घुमट?" डोंगळ्याने हळूच विचारलं.

"बोलू की," भागी वरूनच म्हणाली. "सभा मात्र इथंच भरवायची."