सड्याची पारख

एकदा एका प्रांताच्या अधिपतीकडे बंदरावरचा एक व्यापारी आला. धक्का बांधण्यासाठी त्याला जांभ्या दगडाचे चिरे हवे होते. तसा दगड दोन ठिकाणी होता: दाट रानाने झाकलेल्या एका डोंगरात, आणि ओढ्यापलीकडच्या सड्यावर, म्हणजे कोसभर पसरलेल्या उघड्या कातळाच्या पठारावर. कोणती भूमी हा घाव सोसेल हे पाहून सांगण्याचे काम अधिपतीने एका वृद्ध आचार्यांवर सोपवले.

आचार्यांबरोबर त्यांचा शिष्य निघाला. त्याचे गाव त्याच डोंगराच्या कुशीत होते. त्याच्या मते यात पारखण्यासारखे काही नव्हतेच. रानात सावली होती, पाखरे होती, हिरडे-आवळे होते. सड्यावर पावसाळा सरला की गवताची काडीही उरत नसे. खाण कुठे व्हावी हे कोणीही सांगितले असते.

आचार्यांनी मात्र रानात जेमतेम अर्धा दिवस घालवला. पूर्वी तोडलेल्या झाडांचे बुंधे पाहिले, गावच्या वडीलधाऱ्यांना ती तोड कधीची म्हणून विचारले आणि ते बाहेर पडले. सड्यावर त्यांनी आठवडाभर मुक्काम ठोकला. भाद्रपदाचे दिवस होते. कातळावरच्या डबक्यांतले पाणी भोकांतून आत शिरत असे आणि आचार्य गुडघे टेकून ती भोके न्याहाळत बसत.

तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा नोकर एक गच्च भरलेले पोते त्यांच्या सड्याकाठच्या झोपडीत ठेवून गेला. शिष्याने चौकशी केली, तेव्हा आचार्यांनी नुसते दार ओढून घेतले. दुसऱ्या सकाळी ते त्याला टाळून एकटेच सड्यावर गेले आणि रिकामे पोते घेऊन परतले. त्यांची बोटे पिवळी झाली होती. त्याच संध्याकाळी व्यापारी भेटायला आला आणि जाताना हसतमुखाने म्हणाला की डोंगरच मिळाला तर बरे, चिऱ्याबरोबर लाकूडही हाती येईल.

शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. अर्धा दिवस पाहिलेले रान, बंद दार, व्यापाऱ्याचे हसू, हे सारे तो एकमेकांना जोडू लागला. ज्यांच्या पायाशी बसून अकरा वर्षे काढली, त्यांच्या प्रत्येक शब्दात त्याला आता काहीतरी लपवलेले दिसे. सहाव्या दिवशी आईच्या आजारपणाचे खोटे निमित्त सांगून तो गावाला सावध करायला निघाला.

वाटेत, ओढ्याकाठच्या झऱ्यावर त्याची वहिनी पाणी भरत होती. हंड्याच्या तोंडावर तिने गाळायला कापडाचा धडपा बांधला होता आणि ती वैतागली होती. कालपासून पाण्यातून भाताचे तूस येत होते. भात कांडणारे तर तिथे जवळपास कोणी नव्हते.

शिष्याने धडपा उलगडला. तूस हळदीने रंगवलेले होते. ते बोटांत चोळताना त्याला आचार्यांची पिवळी बोटे आणि सड्यावरची ती भोके आठवली. हा झरा रानाचा, असे त्याचे गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. तो गावात गेलाच नाही. आल्या पावली मागे फिरला आणि आचार्यांसमोर मान खाली घालून सारे कबूल केले.

आचार्य रागावले नाहीत. म्हणाले, "तूस व्यापाऱ्याच्याच वखारीतून मागवले, म्हणजे ते कुठून आले याबद्दल त्याला शंका घेता येणार नाही. तुला सांगितले असते, तर तुझ्या माणसांनीच ते झऱ्यात टाकले असे तो म्हणाला असता. आतापर्यंत पाच गावांच्या झऱ्यांत ते निघाले आहे. बाळा, रानातले बुंधे वीस वर्षांपूर्वीच्या तोडीचे. त्यांना माझ्या मांडीएवढे फुटवे आले आहेत. सड्यावर गाडीच्या चाकोऱ्या आहेत, त्या इथल्या म्हाताऱ्यांच्या आजोबांच्या वेळच्या. अजून बुजलेल्या नाहीत. जे आपल्याला प्रिय ते नाजूक आणि जे उजाड ते निरुपयोगी, असे तू येण्याआधीच ठरवले होतेस. माझ्यावर संशय घेतलास, त्यात गैर काही नाही. पण तो आपल्या डोळ्यांवरही घ्यायला हवा होता."

अधिपतीने आचार्यांचा अभिप्राय मान्य केला. सड्याला कुदळही लागणार नव्हती. डोंगराच्या पायथ्याचा एक तुकडा खाणीला मिळाला, आणि तिथे पुन्हा झाडे मूळ धरेपर्यंत दुसऱ्या तुकड्याला हात लावायचा नव्हता. सारा डोंगर मिळेल या आशेवर असलेल्या व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

ही बातमी गावाला सांगण्याचे काम शिष्याने मागून घेतले. पायथ्याच्या त्या तुकड्यात त्याच्या बालपणीचे हिरडे होते, ते जाणार होते. पारावर त्याचे सारे बोलणे ऐकून घेऊन त्याच्या सख्ख्या काकाने शांतपणे विचारले, "व्यापाऱ्याने तुला काय दिलं?"

शिष्याला ते लागले, पण राग आला नाही. काही दिवसांपूर्वी तो स्वतः काकाच्याच जागी होता. तो उठला, काकाची काठी त्याच्या हाती दिली आणि म्हणाला, "माझ्यावर विश्वास ठेवू नका काका. सड्यावर चला, तुम्हीच बघा."

काका काठी टेकत उठला. संशय त्याच्या चेहऱ्यावर तसाच होता, पण पाय ओढ्याच्या वाटेला लागले होते.