एकट्या वूफरचा आवाज

गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या रंगूमिस्त्रींशी बायको गेल्यापासून दुकानात गिऱ्हाइकाशिवाय कुणी बोलत नसे. एके दिवशी सभापती जयसिंगराव चार चमच्यांसह गाडी घेऊन आले.

"मिस्त्री, तुमचा अ‍ॅम्प्लिफायर भिकार आहे. दणका वाढावा म्हणून मी स्वतः तुमच्या वूफरशेजारी दुसरा जोडला, तर होता तो बेसही गेला. दुकान बंद करायला लावीन. एकटे तुम्ही, तुमच्या बाजूनं बोलणार कोण?"

मिस्त्रींनी नव्या वूफरची वायर काढून गाणं लावलं. जुना असा दणाणला, की समोरच्या रसवंतीची घुंगरं आपोआप वाजली.

"साहेब, तुम्ही नव्याच्या वायरी उलट्या जोडल्यात. एक पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, म्हणून दोघं असून मुके. एकट्याला बोलू दिलं, तर गल्लीनं ऐकलं."

चमचेच हसले. सभापती वायरी सरळ करून घेऊन निघाले.

दुकान वाचलं. मिस्त्रींना वाटलं, सगळे चहापुरते तरी थांबायला हवे होते.