शास्त्रीबुवांचा नैवेद्य

देवळात रोज स्तोत्रं म्हणणाऱ्या उमाकाकूंना पाहुण्या घैसासशास्त्र्यांनी भर उत्सवात गप्प केलं. "मोक्ष ज्ञानानेच मिळतो. मीच ब्रह्म, हे ज्याला कळलं त्याला असली रडगाणी कशाला? उद्यापासून बंद!" गावाने माना डोलावल्या. काकूंनी हात जोडले.

दुपारी देवळातल्या पंगतीत त्यांनी स्वतः शास्त्रीबुवांपुढे ताट मांडलं, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून स्तोत्र म्हटलं आणि पुरणपोळीसकट ताट उचलून त्या चालू लागल्या.

"अहो, ताट कुठे नेता?" शास्त्रीबुवा ओरडले.

"आपण तर साक्षात ब्रह्म! देवाला नैवेद्य नुसता दाखवायचा असतो."

"पण मला भूक लागली आहे!"

"अगबाई, भूक लागते? मग आमच्यातलेच की! म्हणा स्तोत्र, लगेच वाढते."

शास्त्रीबुवांनी सूर लावला, तो सगळ्या देवळात घुमला.