अस्वलदादांची पहाटपाळी

जंगलात अजून माणसांची पायवाटही नव्हती, तेव्हाची गोष्ट. अस्वलदादा जांभूळबनाचे मालक होते. रात्री गळलेली जांभळं पहाटेच वेचावी लागत, नाहीतर त्यांना मुंग्या लागत. वेचण्यात खारूताईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. खारूताईचं पिल्लू पहिल्यांदाच शाळेत जात होतं. आई दिसेनाशी झाली, की ते शेपटीत तोंड खुपसून रडे. काम सुटेल या धास्तीने खारूताई चाचरत म्हणाली, “मालक, थोडे दिवस उशिरा आले तर?”

“पोर रुळेपर्यंत खुशाल उशिरा ये. तुझ्या जागी मी वेचतो.”

“मालक वेचणार? मग भरल्या टोपल्या!” फांदीवर बसलेला वानर खिदळला.

मालकांच्या जाड पंजात निम्मी जांभळं फुटत आणि फुटलेली तोंडात जात. तरी ते रोज पहाटे हजर असत.

एके सकाळी खारूताई धावतच आली. “आज रडलं नाही हो! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही!” बघते तर टोपल्या काठोकाठ भरलेल्या.

“मालक कंबर धरून वाकतात, ते फांदीवर बसून बघवेना. म्हणून उतरलो खाली,” वानर म्हणाला. “तू उद्याही सावकाश ये गं. फक्त मालकांना टोपलीपासून लांब बसव.”

अस्वलदादा हसले. जीभ जांभळीगर्द झाली होती.