सातांच्या परातीची कहाणी

ऐक दर्यादेवा, तुझ्या पाठीवरल्या वलंदेजांची कहाणी. आटपाट बंदर होतं, बारमास धुक्यात बुडालेलं. तिथं तेउनिस नावाचा वलंदेज, म्हणजे डच, खलाशी राही. त्यांच्या जहाजावर रीत अशी, की सात जणांनी एका परातीत जेवायचं. वर्ष वर्ष घर दिसत नसे. ते सात तेच गणगोत.

निघताना त्याची बायको खेर्त्ये म्हणाली, "मी सांगते तो वसा घ्या." तो म्हणाला, "वशानं काय करावं?" "रोज परातीवर बसताना सातांची नावं घ्यावी. जो ओ देणार नाही, त्याच्यापाशी जावं, तोंडात पाणी घालावं, काय म्हणतो ते ऐकावं. मग देवाचं नाव घ्यावं. कंटाळू नये, उद्यावर टाकू नये." तेउनिसानं वसा घेतला.

चार महिने पाळला. मग जहाजावरला पोथीवाचक मेला. आजाऱ्यांपाशी बसून पोथी वाचायची, मेलेल्याला शिडाच्या कापडात शिवला की स्तोत्र म्हणायचं, हे त्याचं काम. तेउनिसाचा गळा गोड. कप्तान म्हणाला, "आजपासून तू वाचक. माझ्या पंगतीला बस." मग परात सुटली, नावं सुटली, पोथी तेवढी हातात राहिली. आणि बायांनो, इथंच मला त्याचा राग येतो.

मग दर्यावरचा रोग आला. हिरड्या सुजल्या, दात हलले, पाय काळे पडले. परातीतल्या वाउटरनं हाक मारली, "तेउनिसा, ये रे, एक सांगायचंय." हा म्हणाला, "आधी प्रार्थना." प्रार्थना लांबली. येऊन बघतो तो वाउटर गेलेला. मग यानं स्तोत्र म्हटलं, कप्तान म्हणाला, "काय गळा आहे!"

मग यास्परनं हाक मारली. हा म्हणाला, "एवढा अध्याय संपू दे." अध्याय संपला, यास्पर गेला. मग म्हाताऱ्या क्लासनं हाक मारली. तेव्हा यानं डोळे मिटले, आणि हाक ऐकू येऊ नये म्हणून मोठ्यानं गाऊ लागला. क्लासही गेला.

मग तेउनिस घाबरला. जुन्या परातीवर जाऊन बसला. उरलेले तिघे उठले, म्हणाले, "तुझं गाणं आलं की आमचा माणूस जातो." घरी पोचेतो तो एकटाच जेवला.

धक्क्यावर वाउटरची बायको उभी होती. म्हणाली, "शेवटी काय बोलला माझा?" मग यास्परच्या आईनं विचारलं. मग क्लासच्या लेकीनं विचारलं. तेउनिसानं स्तोत्र म्हटलं. लेक म्हणाली, "हे देवाचं झालं. बाबा काय बोलले?" तेउनिस म्हणाला, "मी ऐकलं नाही." तिघी माघारी गेल्या.

घरी खेर्त्येनं परात मांडली. त्यानं नावं घेतली. वाउटर. यास्पर. क्लास. ओ कोण देणार? वसा म्हणे, त्याच्यापाशी जावं. जायचं कुठं, दर्याच्या तळाशी? मरेतो रोज नावं घेई, रोज वाट बघे, रोज अन्न निवून जाई.

तेउनिसाचा वसा बुडाला तसा तुमचा आमचा न बुडो. घरात कुणी हाक मारली तर हातातलं निरांजन खाली ठेवा, आधी उठा. ही साठां लाटांची कहाणी, पांचा ओंजळींत सुफळ संपूर्ण.