होडफोड्यांची हाक

आमच्या गावाखाली नदीत एक डोह आहे. वैशाखात पाणी उतरलं की त्याच्या तळाशी काळा, लांबट खडक दिसतो. तो खडक नव्हे, फुटलेली होडी आहे, असं इथले सांगतात.

लग्नानंतर चौथ्या दिवशी चुलतसासरे तात्या मला आणि माझ्या नवऱ्याला, जयवंतला, काठावर घेऊन गेले. "आडनाव घेतलंस सूनबाई, आता ते कुठून आलं तेही ऐक." आडनाव घेण्याआधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

फार जुनी गोष्ट म्हणे. पूल नव्हता. गावाची एकच होडी, आणि ती चालवायचा आमचा मूळपुरुष खंडोजी. एका श्रावणात गावातल्या अकरा बायका पलीकडच्या बाजाराला गेल्या. त्यांत खंडोजीची बायकोही होती. परतीच्या वेळी तिनं रोजच्यासारखी हाक दिली, "होडी आणा, चूल पेटवायचीय." तेवढ्यात तिच्या मागच्या वाडीतून धूर उठलेला खंडोजीला दिसला. लुटारू स्वार आले होते. घोडी पोहून येतील असं पाणी नव्हतं. पण होडी पलीकडे गेली असती, तर परत येताना तिच्यात स्वार असते. अलीकडे सगळं गाव, पोरंबाळं.

खंडोजीनं कुऱ्हाड घेतली आणि पलीकडे पाठ करून होडीचा तळ फोडला. दुसरी हाक आली. मग तिसरी. चौथी आली नाही.

गाव वाचलं, आणि त्याच गावानं खंडोजीच्या घरचं पाणी पिणं सोडलं. येताजाता 'होडफोड्या' म्हणून थुंकायचे. पुढे त्याच्या मुलांनी तेच आडनाव लावलं.

"तिचं नाव काय होतं, तात्या?"

"ते कुणाला ठाऊक नाही. हाक तेवढी राहिली."

आजही होडफोड्यांच्या नव्या सुनेला पलीकडच्या काठावर एकटीला उभं करतात. तिनं तीच हाक तीनदा द्यायची. घरचे पुरुष अलीकडे पाठमोरे उभे. ओ द्यायची नाही, वळायचं नाही.

मीही उभी राहिले. पहिली हाक लाजत दिली, दुसरी जरा मोठ्यानं. तिसरीला माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. समोरच्या काठावर जयवंतचे खांदे वळू लागले. तात्यांनी त्याचा दंड घट्ट धरला.

चौथी हाक मी दिली नाही. पुलावरून चालत आले.